मऊ दगडातले साम्राज्य

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत नातवाला घेऊन मी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो होतो. आमच्या पिढीच्या तोंडी ते अजून प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच. तेथे प्राचीन असीरियाचे शिल्पपट आहेत. त्यांच्यापुढे उभा राहून नातू म्हणाला, "आजोबा, हा संगमरवर का?"

"नव्हे रे. हा अलाबास्टर. तुझ्या शाळेतल्या खडूचा भाऊबंद!"

त्याला ती थट्टा वाटली; पण गोष्ट खरी आहे. इराकातील मोसूलच्या परिसरातला हा अलाबास्टर म्हणजे जिप्समचाच घट्ट, बारीक कणांचा दगड. जिप्सम भाजले की प्लॅस्टर ऑफ पॅरिस होते, आणि त्याचे गणपती तर आपण पाहतोच. या दगडावर नखानेही ओरखडा उठतो; पाण्यात तो हळूहळू झिजतो. म्हणून उघड्यावर तो टिकत नाही. परंतु दाढीचा एकेक कुरळा आणि वस्त्राची एकेक झालर कोरायची, तर कारागिराला याहून सोयीचा दगड कोणता?

असीरियाचा राजा दुसरा असुरनासिरपाल (इ. स. पू. 883–859) याने तैग्रिस नदीकाठी निमरूद येथे राजवाडा बांधला. भिंती कच्च्या विटांच्या. त्यांना आतून अलाबास्टरच्या कोरीव, रंगविलेल्या पाट्या लावल्या. राजाची प्रौढी सांगणारा लेख तर चित्रांतील आकृतींच्या अंगावरूनच कोरत नेला! पुढे इ. स. पू. 612 च्या सुमारास साम्राज्य बुडाले. भिंती ढासळल्या आणि त्याच मातीने पाट्यांना पोटाशी धरले. राजाला जमले नाही ते मातीने केले: अडीच हजार वर्षे पाऊस लागू दिला नाही.

1845 साली हेन्री लेयर्ड या इंग्रजाने तेथे उत्खनन सुरू केले. वजन कमी व्हावे म्हणून पाट्यांच्या पाठी करवतीने कापल्या. फुगवलेल्या कातड्यांच्या तराफ्यांवरून त्या बसऱ्यापर्यंत आणल्या. लंडनची वाट मुंबईवरून होती. येथल्या धक्क्यावर त्याच्या काही पेट्या उघडून लोकांना दाखविल्या गेल्या. निमरूदचे काही शिल्पपट मुंबईतच राहिले, ते हे.

परक्याचा ठेवा असा उचलून न्यावा का, हा प्रश्न मला नेहमी बोचतो. पण 2015 साली 'इस्लामिक स्टेट'च्या लोकांनी निमरूदचा तो राजवाडा सुरुंगांनी उडविला; जागेवर राहिलेल्या पाट्यांचा चुरा झाला. त्यानंतर इराकी पुरातत्त्वज्ञांनी ते तुकडे वेचून जुळविण्याचे काम हाती घेतले. ज्यांचा वारसा, त्यांनीच मातीत बसून तो पुन्हा गोळा करावा, यापरते उत्तर मला सुचत नाही.

हे सारे ऐकून नातवाने विचारले, "म्हणजे नुसत्या बोटानेही हा दुखावेल?"

मी मान हलविली. त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि पुढच्या पाटीकडे गेला.