टिळकांचा दरबार आणि मराठी चर्च

नाशिकजवळचे शरणपूर चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात वसवले. धर्मांतरामुळे घर आणि जात दुरावलेल्यांना, तसेच गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांनाही तेथे आसरा मिळाला. आसरा देणारे हात परके होते. साहजिकच उपासनेची रीत आणि शिस्तही त्यांचीच राहिली. माणसे मराठी आणि चर्च विलायती, हा पेच तेव्हापासूनचा.

या पेचाला सर्वांत धीटपणे भिडले ते नारायण वामन टिळक. नाशिकला शिकलेल्या या कवीने १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई मात्र स्वतःचा झगडा झगडून १९०० साली ख्रिस्ती झाल्या. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक सांगत. म्हणूनच अभंग, ओवी आणि कीर्तन यांतून ख्रिस्तभक्ती मांडणे ही त्यांच्या लेखी केवळ वेशभूषा नव्हती. ज्या भाषेत माणूस रडतो, त्याच भाषेत त्याने प्रार्थना करावी, एवढा साधा आग्रह त्यामागे होता.

चर्चने ही गाणी आनंदाने स्वीकारली. टिळक मात्र तेथे थांबले नाहीत. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तेथे एकत्र बसावेत, ही त्यामागची कल्पना. येथे प्रश्न चालीचा उरला नाही. चर्चची वेस कोठे संपते, असा झाला. १९१९ साली टिळक वारले आणि दरबारही फार काळ टिकला नाही.

यावरून 'बदल नकोच' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. वेस पुसली तर चर्च चर्च राहील काय, ही शंकाही पोकळ नाही. टिळकांची पदे आज गायिली जातात, ती 'उपासना संगीत' जपणाऱ्या आणि दर रविवारी जमणाऱ्या संस्थेमुळेच. पण त्या संस्थेला मराठी कंठ कोणी दिला? चाकोरी मोडणाऱ्या टिळकांनीच ना? शिवाय वेशीही अचल नसतात: १९७० साली नागपुरात 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले, तेव्हा परदेशांतून आलेले अनेक पंथभेद मिटवूनच ते उभे राहिले.

तेव्हा चर्चने आपल्या माणसांबरोबर वाढावे काय, याचे उत्तर होकारार्थीच द्यावे लागते. मात्र चर्चने टिळकांकडून गाणे घेतले आणि प्रश्न बाजूला ठेवला, हेही नोंदले पाहिजे. चाल बदलणे स्वस्त असते. पंगत बदलणे महाग.

टिळकांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या हातून अपुरे राहिले. पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. १९३६ साली नाशिकला त्यांचे निधन झाले. दरबाराचे अपुरे काम असे पुढे लिहायला अद्याप कोणी बसलेले नाही.