सोडलेले मूल आणि परतीची वाट

इ. स. १८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. वैधव्यात दिवस गेलेल्या स्त्रियांनी तेथे गुप्तपणे बाळंत व्हावे आणि मूल सांभाळणे शक्य नसल्यास तेथेच ठेवून जावे, अशी ती सोय होती. अशाच एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंताला, फुले दांपत्याने दत्तक घेतले. पुढे १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने पंढरपुरात बालकाश्रम उभा राहिला. या घरांनी कित्येक अर्भकांचे प्राण वाचवले, हे त्यांचे ऋण महाराष्ट्रावर आहे. परंतु मूल ठेवून गेलेली माता उद्या दारात उभी राहिली तर काय करावे, हा प्रश्न त्या काळी उभाच राहू शकत नव्हता. समाज तिला मुलासह जगू देणार नव्हता. मग ती परत येणार कशी?

प्रश्न मात्र जुना आहे. १७४१ मध्ये लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलने मुले घेण्यास प्रारंभ केला, तेव्हा माता बाळासोबत कापडाचा तुकडा, नाणे किंवा अशीच एखादी खूण ठेवून जात. दिवस पालटले तर त्या खुणेवरून आपले मूल ओळखून परत न्यावे, ही आशा. १७६० पर्यंत तेथे १६,२८२ अर्भके आली. त्यांपैकी अवघी १५२ परत नेण्यात आली. दार उघडे होते, पण त्या दारापर्यंत पुन्हा पोहोचण्याचे बळ त्या मातांपाशी नव्हते. पुढील सारा इतिहास वाचताना ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी.

आपल्याकडे दत्तकाची परंपरा प्राचीन असली, तरी तिच्यात परतीला स्थान नव्हते. विधिपूर्वक दिलेला पुत्र जन्मकुळाला कायमचा दुरावे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने हेच तत्त्व कलम १५ मध्ये पक्के केले: वैध दत्तक कोणालाही रद्द करता येत नाही, आणि दत्तक गेलेल्यालाही जन्मकुळात परतता येत नाही.

आम्हां ख्रिस्ती लोकांची स्थिती नेमकी उलट होती. आपल्यासाठी दत्तकाचा कायदाच नव्हता. मूल घरी आणणाऱ्या ख्रिस्ती दांपत्याला १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाकडून केवळ पालकत्व मिळे. मूल सज्ञान झाले की ते संपे. मृत्युपत्र केल्यावाचून त्याला घरादारात वाटा नसे आणि कारण घडल्यास न्यायालय पालकाला दूरही करू शकत असे. म्हणजे हिंदू कायद्याने जे दार बंद केले होते, ते आपल्याकडे लागतच नव्हते. जन्मदात्या आईला याचा फारसा लाभ झाला नाही. घरात वाढणारे मूल मात्र कायद्याच्या दृष्टीने पाहुणेच राहिले. सन २००० मध्ये मॅन्युएल थिओडोर डिसोझा यांच्या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो यांनी ही उणीव दूर केली. निराधार मुलाच्या जगण्याच्या हक्कात घर, नाव आणि दत्तक जाण्याचा हक्कही येतो, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता.

जन्मदात्यांचा विचार त्याआधीच सुरू झाला होता. परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांची विक्री होते, अशी तक्रार लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवली होती. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी तिच्यावर निकाल दिला. मूल सोपवणाऱ्या आईबापांवर कोणताही दबाव नसावा, परिणाम त्यांना समजावून सांगावेत, आणि निर्णय घेतल्यावरही फेरविचारासाठी सुमारे तीन महिने द्यावेत, असे त्यात बजावले आहे. त्यानंतर मात्र निर्णय अपरिवर्तनीय. बालन्यायाच्या २००० च्या कायद्यात ही मुदत दोन महिन्यांवर आली आणि २०१५ च्या कायद्याच्या कलम ३५ मध्ये तीच कायम राहिली. आईबापांनी बालकल्याण समितीपुढे मूल सोपवल्याचा दस्तऐवज करावा लागतो. दोन महिन्यांत त्यांचे मन बदलले तर समिती चौकशी करून मूल त्यांच्याकडे ठेवू शकते. मुदत सरली की मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मोकळे होण्याचा मार्ग खुला होतो.

पुढे दत्तकाचा आदेश निघाल्यावर वाट अतिशय अरुंद होते. १ सप्टेंबर २०२२ पासून हा आदेश जिल्हाधिकारी देतात. यवतमाळच्या आदेशावर अपील करावयाचे तर तीस दिवसांत अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे. कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये केलेल्या कायद्यानुसार, आईबापांचे हक्क संपल्यावर तीन वर्षांत जे मूल दत्तक गेले नाही, ते स्वतः त्या हक्कांच्या पुनःस्थापनेचा अर्ज करू शकते. तशी तरतूद आपल्या कायद्यात नाही. आपल्याकडे झगडा होतो तो मूळ संमतीच्या वैधतेवर. २०२१ मध्ये केरळात अशी दोन प्रकरणे गाजली. एकात पित्याची संमती न घेता मूल सोपवले गेले होते; उच्च न्यायालयाने ती प्रक्रिया अवैध ठरवली. दुसऱ्यात आपल्या संमतीवाचून मूल नेल्याची मातेची तक्रार होती. आंध्र प्रदेशातील दांपत्याच्या घरी पोहोचलेले ते मूल नोव्हेंबरमध्ये तिला परत मिळाले. मातेचा आनंद समजतोच. पण ज्या घरातून तो पाळणा उचलला गेला, त्या घराचे दुःखही तितकेच खरे आहे.

म्हणून दार कधीतरी लागले पाहिजे, हे आम्हांला मान्य आहे. मुलाला कायमचे घर हवे. परत नेले जाण्याच्या भीतीवर कोणतेही बालपण उभे राहत नाही. पण दार लावण्याचा अधिकार न्याय्य ठरतो तो त्याआधीच्या साठ दिवसांत आईला खरोखर मदत झाली असेल तर.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. झरी जामणी, मारेगाव, पांढरकवडा या भागांतील कुमारी मातांची, विशेषतः कोलाम मुलींची, व्यथा वर्षानुवर्षे वृत्तपत्रांत येत आहे. कर्जापायी पतीने जीवन संपवल्यावर एकाकी पडलेल्या तरुण विधवाही आपल्या शेजारीच आहेत. अशी एखादी माता कागदावर अंगठा उमटवते, तेव्हा साठ दिवसांची ही मुदत तिला कोणी समजावून सांगितलेली असते काय? एकल पालकाच्या मुलासाठी सावित्रीबाईंच्याच नावाने राज्याची बालसंगोपन योजना आहे, जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष आहे, हे तिला ठाऊक असते काय?

ख्रिस्तसभेने या मातेला पुसून टाकलेले नाही. १९८३ च्या धर्मसभा-विधिसंहितेचा नियम ८७७ सांगतो की, अविवाहित मातेने स्वेच्छेने मागणी केल्यास तिचे नाव स्नानसंस्काराच्या नोंदवहीत लिहावे. आणि दत्तक मुलाच्या नोंदीत, मुलकी दप्तरात तशी पद्धत असेल तेथे, जन्मदात्यांचीही नावे असावीत. पण नोंदवहीतील नाव पुरेसे नाही.

मोशेच्या आईने आपले बाळ लव्हाळ्यांत ठेवले, तेव्हा त्याची बहीण काय होते ते पाहत दूर उभी होती. राजकन्येने पेटी उघडताच ती पुढे झाली, दाई म्हणून आईलाच घेऊन आली आणि काही काळापुरते का होईना, मूल आईच्या मांडीवर परतले. कायद्याने साठ दिवस दिले आहेत. त्या दिवसांत काठावर उभे राहणारे माणूस कायदा देऊ शकत नाही. ते धर्मग्रामातील कुटुंबांनी, आपल्या महिला मंडळांनी आणि आम्ही धर्मगुरूंनी व्हायचे आहे. आईला बोल न लावता तिच्याजवळ बसावे, समितीच्या कार्यालयात तिच्यासोबत जावे, आणि तिने शेवटी मूल देण्याचेच ठरवले, तर तो निर्णय तिचा स्वतःचा असेल एवढे पाहावे.