बंदूक आली, पारख आली नाही

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात आमचं गाव. तुरीत शिरणारी रानडुकरं आणि रोही पिटाळायला आजोबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी होती. एकदा दारू संपली म्हणून त्यांनी फटाक्यांची दारू नळीत भरली. नळी फुटली. आजी म्हणायची, "दारू म्हंजे काय एकच असते का बाप्पा?"

आजीच्या या प्रश्नात बंदुकीचा अर्धा इतिहास आहे, हे मला फार उशिरा कळलं.

जुनी काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. पण हे मिश्रण जितकं महत्त्वाचं, तितकाच त्याचा दाणाही. चुलीत पऱ्हाटी भपकन जळते, बाभळीचं ओंडकं सावकाश. दारूचंही तसंच. बारीक दाणा झटकन जळतो, जाड दाणा दमाने. हलकी गोळी नळीतून चटकन सुटते, तिला बारीक दारू चालते. तोफेचा जड गोळा मात्र जागचा हलायलाच वेळ घेतो. तेवढ्यात सगळी दारू जळून गेली, तर दाब गोळ्याऐवजी नळीवर येतो. म्हणून तोफेला जाड दारू, बंदुकीला बारीक, आणि कानाजवळ पेटवायला सगळ्यात बारीक. तिला मराठीत वेगळं नावच आहे : रंजक.

29 नोव्हेंबर 1803 ला शेजारच्या अकोला जिल्ह्यात, अडगावला, नागपूरकर भोसल्यांच्या तोफांनी वेलस्लीच्या शिपायांची सुरुवातीला पळापळ केली. लढाई अखेर इंग्रजांनी जिंकली. पण अशा प्रत्येक तोफेमागे दारू ओळखणारा कुणीतरी गोलंदाज उभा असायचा. इतिहासात नाव मात्र सरदाराचं येतं.

1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी बिनधुराची दारू शोधली. काळी दारू मागे पडली, नियम तोच राहिला. आजही पिस्तुलाच्या गोळीमागे सहसा झटपट जळणारी दारू असते, रायफलच्या गोळीमागे सावकाश जळणारी. अदलाबदल झाली तर हत्यार फुटू शकतं.

इकडे 1878 च्या शस्त्र कायद्याने हत्यारं आणि दारूगोळा बनवणं, विकणं परवान्याखाली आणलं. दारू ओळखणारे हात कमी होत गेले. आजोबांना वडिलांकडून बंदूक मिळाली, दारूची पारख कुणी दिली नाही. फटाक्याची दारू तर आवाजासाठीच बनलेली, क्षणात भडकणारी. ती आजोबांना बंदुकीच्या दारूसारखीच वाटली, कारण दोन्हींना शब्द एकच होता.

'दारू' हा शब्द फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ औषध. औषध दुखणं बघूनच द्यावं लागतं, हे आजीला शब्दाचं मूळ माहीत नसतानाही ठाऊक होतं.