आखाड्याच्या काठावरचे टेबल

कुस्तीचा इतिहास लिहिणारे पैलवानांची नावे लिहितात, आश्रय देणाऱ्या राजांची लिहितात, फार तर एखाद्या वस्तादाचा उल्लेख करतात. आखाड्याच्या काठावर टेबल टाकून वजने नोंदवणारा, जोडी लावणारा, घड्याळ धरणारा माणूस त्या इतिहासात सहसा सापडत नाही. निपाणी परिसरातील एका गावात यात्रेच्या वेळी शाळकरी मुलांच्या कुस्त्या भरतात. तेथे गेली काही वर्षे मी स्वयंसेवक म्हणून हेच काम करतो. तेव्हापासून हा इतिहास मी त्या टेबलाच्या बाजूने वाचू लागलो आहे.

आपल्या भागाच्या कुस्तीचे माहेर कोल्हापूर. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान १९१२ साली पूर्ण झाले. मध्ये खोलगट आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक, अशी त्याची रचना. शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही कुस्ती स्पष्ट दिसावी, निकाल सर्वांसमक्ष लागावा, हा त्यातला मोठा गुण. कुस्तीचा न्याय लोकांच्या डोळ्यांदेखत व्हायला हवा, हा धडा त्या मैदानाने घालून दिला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी, चिकोडी हा टापू म्हैसूर राज्यात गेला. पुढचा लढा आपल्या घराघरांना ठाऊक आहे. पण त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५९ साली, चिकोडी तालुक्यातील एकसंब्याच्या श्रीपती खंचनाळे यांनी दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला हरवून हिंद केसरीची गदा आणली. गाव म्हैसूर राज्यात, तालीम कोल्हापूरच्या शाहूपुरीत! नकाशावरची रेघ तालमीची वाट अडवू शकली नव्हती.

दुसरे उदाहरण कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. शिक्षकाच्या पेशातल्या माणसाला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण तिचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. जपानच्या इशीशी दमवणारी कुस्ती झाल्यावर खाशाबांना लगेच रशियाच्या मल्लासमोर उभे केले गेले. नियमाप्रमाणे मध्ये किमान ३० मिनिटांची विश्रांती मिळायला हवी होती. ती मागायला आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. खाशाबा हरले आणि कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडले. घर गहाण टाकणारा माणूस मिळाला, काठावर उभा राहून नियम सांगणारा मिळाला नाही.

म्हणून आमच्या टेबलाचे काम मला किरकोळ वाटत नाही. कागलकडून आलेल्या मुलाचा दाखला मराठीत असतो, हुक्केरीकडून आलेल्याचा कन्नडात. दोन्ही जन्मतारखा सारख्याच बारकाईने पाहायच्या, दोघांना एकाच काट्यावर उभे करायचे, नावे दोन्ही भाषांत पुकारायची. आपण तालीम म्हणतो, ते गरडी म्हणतात. कुस्तीला मात्र दोघेही कुस्तीच म्हणतात.

एके वर्षी मराठी आणि कन्नड घरच्या दोन पोरांची कुस्ती लागली. खांदे टेकले की नाही, यावरून गलका उठला. हलगी थांबली. गलक्यातले शब्द कुस्तीचे राहिले नव्हते, ते भाषेचे होऊ लागले होते. पंचांनी दोन्ही वस्तादांना टेबलापाशी बोलावले, आपण काय पाहिले ते आधी कन्नडात, मग मराठीत सांगितले आणि कुस्ती पुन्हा धरायला लावली. दुसऱ्यांदा पोरगा असा चीत झाला की कोणाला शंकाच उरली नाही. हरलेल्याच्या वस्तादाने स्वतः जिंकलेल्याचा हात वर केला.

सीमेचा प्रश्न न्यायालयात आहे. आपले म्हणणे आपण तेथे मांडत राहूच. पण तोवर आपल्या मुलांना एकाच मातीत उतरायचे आहे. त्यांच्यासाठी टेबलाशी बसायला दरवर्षी माणसे कमी पडतात. शिकलेल्या, निवृत्त झालेल्या, दोन्ही भाषा जाणणाऱ्या मंडळींनी यात्रेतला एक दिवस तेवढा द्यावा.