अझीझुद्दीन : हैदराबाद पोलिसांचा बचावपटू

१५ जुलै १९५२ रोजी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताचा फुटबॉल संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. ४ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये पुन्हा त्याच युगोस्लाव्हियाशी गाठ पडली. हा सामना उपांत्य फेरीचा होता आणि भारत ४-१ असा हरला. दोन्ही वेळा युगोस्लाव्हियाने पुढे रौप्यपदक जिंकले. म्हणजे समोरचा संघ दुबळा झाला नव्हता, आपला बचाव भक्कम झाला होता. या दोन्ही ऑलिंपिकच्या भारतीय संघांत सय्यद ख्वाजा अझीझुद्दीन नावाचा एक बचावपटू होता. तो हैदराबाद सिटी पोलीस या संघातून आला होता.

दहावरून चारवर येणे ही काय मिरवायची गोष्ट आहे, असे कुणी म्हणेल. पण बचावपटूचा हिशोब असाच करावा लागतो. आघाडीच्या खेळाडूने गोल केला की तो धावफलकावर दिसतो, वर्तमानपत्रात छापून येतो, पन्नास वर्षांनी नातवंडांना सांगता येतो. मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे मुंबईचे नेव्हिल डिसोझा म्हणूनच लक्षात राहिले, आणि ते राहायलाच हवेत. बचावपटूचे काम मात्र जे घडले नाही त्यात असते. अडवलेला चेंडू कुठे नोंदला जात नाही. उलट त्याचे नाव गोलांच्या यादीत येते ते बहुधा एकाच कारणाने, चेंडू त्याला लागून आपल्याच जाळ्यात गेला तर. त्या उपांत्य सामन्यातला युगोस्लाव्हियाचा चौथा गोल आजही आपल्या अब्दुस सलाम यांच्या नावावर स्वयंगोल म्हणून लिहिलेला आहे. सलाम यांनी त्या स्पर्धेत किती हल्ले परतवले, त्याचा रकानाच त्या यादीत नाही.

तामलवाडीच्या एका उर्दू-मराठी शिक्षकाचा या अझीझुद्दीनशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो नकाशाचा आहे. अझीझुद्दीन हेलसिंकीला गेले तेव्हा तामलवाडी आणि हैदराबाद एकाच राज्यात होते. आमचे गाव सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात आणि आम्ही निजामाच्या. सरकारी कागद उर्दूत, घरातली बोली दखनी, बाजारातली बोली मराठी. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याची, म्हणजे आजच्या धाराशिवची, राजधानी मुंबई नव्हे तर हैदराबाद होती. त्यामुळे हैदराबाद पोलिसांचा संघ हा त्या काळी आपल्याच राज्याचा संघ होता.

त्या राज्याचा शेवट कसा झाला हे या भागात कुणाला सांगावे लागत नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून आत शिरले, पहिली मोठी चकमक नळदुर्गला झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्याआधी रझाकारांनी गावोगाव जे अत्याचार केले ते खरे आहेत. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरला वकिली करणारा, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. ते झाकण्याचे कारण नाही. पण त्यानंतर जे झाले तेही खरे आहे. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने १९४८च्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा अंदाज त्यात आहे. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावे आहेत. हा अहवाल कित्येक दशके सर्वसामान्यांच्या हाती आला नाही.

दरवर्षी १७ सप्टेंबरला शाळेत झेंडावंदन होते, भाषणे होतात. मुक्तिसंग्रामात सर्व धर्मांची माणसे होती हे मी मुलांना सांगतो. पण भाषणांमध्ये इतिहास १७ सप्टेंबरला संपतो. अठरा सप्टेंबरपासून इथला सामान्य मुसलमान कसा जगला, काय काम करत होता, कुणासाठी घाम गाळत होता, हे कुणी सांगत नाही. त्याच्यासाठी एकच शब्द शिल्लक राहतो, रझाकार. आणि तो शब्द आपल्याला लागू नाही हे सिद्ध करण्यात तीन पिढ्या गेल्या. सतत बचाव करायचा आणि त्याची नोंद मात्र कुठेच नाही, हे बचावपटूचे दुखणे आपल्याला नवे नाही.

म्हणून पुढच्या तारखा नीट वाचाव्यात. पोलीस ॲक्शनला दोन-सव्वादोन वर्षे होतात न होतात तोच, १९५० साली, हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने मुंबईत रोव्हर्स कप जिंकला. १८९१ साली सुरू झालेली ही स्पर्धा सुरुवातीची कित्येक दशके गोऱ्या पलटणींचीच मक्तेदारी होती. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती मोडली आणि रोव्हर्स जिंकणारा पहिला भारतीय संघ होण्याचा मान मिळवला. हैदराबाद पोलिसांनी तर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हा करंडक नेला. कलकत्त्याच्या नावाजलेल्या क्लबांना जे जमले नाही ते पोलीस खात्यात नोकरी करणाऱ्या पोरांनी कूपरेज मैदानावर करून दाखवले. ज्या शहराच्या नावाने दोनच वर्षांपूर्वी वर्तमानपत्रांचे मथळे तापले होते, त्याच शहराचा संघ मुंबईत येऊन खेळत होता आणि जिंकत होता.

या संघामागे एक मास्तर होते. सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९चा, हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. काचीगुडा, चादरघाट अशा भागांतल्या शाळांमध्ये त्यांनी शिकवले आणि पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. 'मैदान' चित्रपटामुळे २०२४ साली त्यांचे नाव पुन्हा चर्चेत आले. पण चित्रपटात जागा मिळते ती पदकाच्या सामन्याला. मला शिक्षक म्हणून त्यांची शिकवण्याची रीत जास्त मोलाची वाटते. चेंडू पायात घोळवत पुढे न्यायचाच नाही, आला की लगेच सोबत्याला द्यायचा, असे सामने ते मुद्दाम भरवत. जो पाय कमजोर त्याच पायाने खेळायचे, असेही सामने असत. मुलाला जे जमते त्याबद्दल शाबासकी देणे सोपे असते. जे जमत नाही तेच रोज करायला लावणे आणि तरी त्याचा हुरूप टिकवणे, यात शिक्षकाचा कस लागतो. रहीम साहेबांच्या संघात धर्माची विचारणा नव्हती. सिकंदराबादजवळचा, तमिळ घरातला तुलसीदास बलराम हा त्यांनीच हेरलेला.

१९५०पासून रहीम साहेब भारतीय संघाचेही प्रशिक्षक झाले. मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले. भारताने अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरवून सुवर्ण जिंकले. हैदराबाद पोलिसांचे नूर मोहम्मद त्या संघात होते. आणि मग हेलसिंकी. मोहन बागानचे सैलेन मन्ना कर्णधार, बचावात त्यांच्या जोडीला अझीझुद्दीन. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते. आपल्याकडच्या कोरड्या, टणक मैदानावर अनवाणी पायाची चेंडूवर चांगली पकड बसते. फिनलंडच्या थंड हवेत, बूट घातलेल्या, उंच, पूर्ण वेळ तयारी केलेल्या खेळाडूंसमोर ती पकड निसटली. त्यात आपली मांडणीही जुनी होती, मागे दोनच फुलबॅक आणि पुढे पाच आघाडीपटू. दहा गोल झाले ते दोन माणसांच्या चुकीने नाहीत, मांडणीच तशी होती. पण निकाल कुणाच्या अंगावर येतो? मागे उभा असलेल्याच्या.

त्यानंतर आपल्या फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. रहीम साहेबांनी मागे तिसरा बचावपटू आणला. मोठे खेळाडू दहा गोलांच्या पराभवानंतर बदनाम होऊन घरी बसतात. अझीझुद्दीन बसले नाहीत. पोलिसांच्या संघात, त्याच मैदानांवर, नवी मांडणी शिकत राहिले आणि चार वर्षांनी पुन्हा देशाच्या संघात आले. या कारकिर्दीत मला सर्वात मोठी वाटते ती हीच गोष्ट.

आता एक तारीख पाहा. १ नोव्हेंबर १९५६ला भाषावार प्रांतरचना झाली. हैदराबाद राज्य नकाशावरून पुसले गेले. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. हैदराबाद शहर आंध्र प्रदेशात गेले. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्नला भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले आणि ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोचणारा तो आशियातला पहिला संघ ठरला. त्या पथकात अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन आणि बलराम हे हैदराबादी होते. उपांत्य सामन्यात पहिला गोल भारताचाच होता. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० असे हरवले आणि आपण चौथे आलो. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारताची याहून चांगली कामगिरी आजवर झालेली नाही.

म्हणजे आपले राज्य संपले आणि महिन्याभरात त्याच राज्यात घडलेल्या खेळाडूंनी देशाला सर्वात वर नेले. पण राज्यच उरले नाही, तर त्याची आठवण कोण ठेवणार? आंध्रने, पुढे तेलंगणाने ती आपली मानली. मराठवाडा महाराष्ट्रात आला आणि मराठी पुस्तकांतल्या क्रीडा इतिहासात हैदराबाद पोलीस हा परक्या राज्याचा संघ झाला. संघाचे नावही बदलून आंध्र प्रदेश पोलीस झाले. दोन घरांची वाटणी होताना एखादी पेटी कुणाच्याच वाट्याला जात नाही, तसे हे झाले.

इंग्लंडमध्ये काय होते तेही पाहू. तिथली व्यावसायिक लीग १८८८ची. खालच्या विभागातल्या, कुणी फारसे न ऐकलेल्या बचावपटूचेही सामने, क्लब, वर्षे मोजून ठेवलेली सापडतात. झेश रहमानचेच उदाहरण घ्या. १९८३ साली बर्मिंगहॅममध्ये पाकिस्तानी कुटुंबात जन्मलेला हा बचावपटू. फुलहॅमकडून २००४ मध्ये तो प्रीमियर लीगच्या सामन्यात सुरुवातीपासून खेळला. असा खेळणारा दक्षिण आशियाई वंशाचा पहिला ब्रिटिश खेळाडू म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. पुढे क्वीन्स पार्क रेंजर्स, ब्लॅकपूल, ब्रॅडफर्ड सिटी असे क्लब बदलत तो इंग्लंडच्या चारही विभागांत खेळला, नंतर थायलंड, हाँगकाँग, मलेशियात गेला. तो काही महान खेळाडू नव्हता. पण 'पहिला' हा शब्द त्याच्या नावापुढे लागला, कारण कुणीतरी सगळ्यांची नोंद ठेवली होती. नोंद असली की माणूस पहिला आहे की पन्नासावा हे ठरवता येते. नसली की तो नव्हताच असे होते.

नोंदीची किंमत आपल्या भागाला अलीकडेच पुन्हा कळली आहे. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातले निजामकाळचे दप्तर उघडले आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. जी भाषा आता काय कामाची म्हणून हिणवली गेली, तिच्यातल्या एका ओळीवर कुणाच्या पोराचे शिक्षण, कुणाची नोकरी ठरू लागली.

म्हणून वाचकहो, एक विनंती आहे. आपल्या घरांतही असे अझीझुद्दीन आहेत. पोलिसात, एसटीत, रेल्वेत, गिरणीत नोकरी करून संध्याकाळी मैदानावर उतरणारे. फुटबॉल, हॉकी, कुस्ती, काहीही असेल. त्यांचे फोटो पेटीत आहेत, मागे उर्दूत नावे आणि साल लिहिलेले आहे, आणि नातवंडांना उर्दू वाचता येत नाही. ते फोटो काढा. वाचता येणारा माणूस हयात आहे तोवर नावे मराठीत उतरवून घ्या, कोण कुठे उभा आहे ते लिहा, कोणत्या वर्षी कुठे खेळले ते लिहा. माझ्याकडे आणलेत तर मी वाचून देईन, शाळा सुटल्यावर मी इथेच असतो. जिंकले नव्हते, चौथेच आले होते, असे वाटले तरी लिहा.