दावोसचा यजमान

करोनाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एक फोटो आला. काळ्या झग्यातला, टक्कल पडलेला, चष्मा लावलेला एक गंभीर वृद्ध. खाली मजकूर होता : हाच तो माणूस, २०३० पर्यंत तुमच्या नावावर काहीही उरू द्यायचे नाही असे याने ठरवले आहे. पाठवणारे गृहस्थ निवृत्त बँक अधिकारी, एरवी आलेला संदेश दोनदा वाचल्याशिवाय पुढे न ढकलणारे. फोटोतली व्यक्ती होती वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमचे संस्थापक क्लाऊस श्वाब. झगा होता लिथुआनियातल्या काउनास इथल्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या मानद डॉक्टरेटचा. आपल्याकडे दीक्षान्त समारंभात कुलगुरू घालतात त्याच जातीचा.

याच श्वाब यांच्याविषयी दुसरे एक मत आहे आणि ते प्रतिष्ठित आहे. अग्रलेखांत, व्यवस्थापनाच्या वर्गांत, मंत्र्यांच्या भाषणांत ते भेटते. त्यानुसार श्वाब हे जागतिकीकरणाचे शिल्पकार, भांडवलाला माणुसकी शिकवणारे आणि शत्रूंना एका टेबलावर आणणारे द्रष्टे. एका मताने त्यांचा राक्षस केला, दुसऱ्याने ऋषी. वरवर ही मते एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण दोन्हींचा पाया एकच आहे : दावोसला जगाचे निर्णय होतात आणि ते श्वाब घडवून आणतात. माझे म्हणणे असे की हा पायाच कच्चा आहे.

आधी माणूस पाहू. श्वाब यांचा जन्म ३० मार्च १९३८ रोजी जर्मनीतल्या राव्हेन्सबुर्गचा. वडील तिथल्या एशर वीस या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्याचे प्रमुख. मुलाने झुरिकला अभियांत्रिकीत आणि फ्रिबुर्गला अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, हार्वर्डला लोकप्रशासनाचे शिक्षण घेतले आणि पुढे जिनिव्हा विद्यापीठात अध्यापन केले. १९७१ च्या जानेवारीत, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी दावोसला युरोपातल्या सुमारे साडेचारशे उद्योगप्रमुखांचे संमेलन भरवले. अमेरिकी व्यवस्थापनशास्त्र युरोपला शिकवावे, एवढाच हेतू. संस्थेचे नाव युरोपियन मॅनेजमेंट फोरम. १९८७ मध्ये ते बदलून वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम झाले. जागाही विचार करून निवडलेली. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवरचे हे गाव कधीकाळी क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांसाठी प्रसिद्ध होते. टोमास मान यांची ‘द मॅजिक माउंटन’ ही कादंबरी इथेच घडते. हिवाळ्यात बर्फाने वेढलेल्या अशा गावात पाहुणा संध्याकाळी निसटून जाणार तरी कुठे?

आता पूर्वपक्ष, त्याच्या पूर्ण बळानिशी. त्याचे तीन पुरावे आहेत.

पहिला पुरावा शांततेचा. १९८७ मध्ये एजियन समुद्रातल्या वादावरून ग्रीस आणि तुर्कस्तान युद्धाच्या तोंडाशी आले होते. पुढच्याच जानेवारीत त्यांचे पंतप्रधान पापान्द्रेऊ आणि ओझाल दावोसला भेटले आणि तिथून ‘दावोस जाहीरनामा’ निघाला. १९९२ मध्ये मंडेला आणि राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क दक्षिण आफ्रिकेबाहेर प्रथमच एका व्यासपीठावर आले, तेही इथेच. १९९४ मध्ये गाझा आणि जेरिकोच्या प्रश्नावर इस्रायलचे पेरेस आणि पॅलेस्टिनी नेते अराफत यांची बोलणी इथे पुढे सरकली.

हा युक्तिवाद म्हणजे काकतालीय न्याय आहे. कावळा बसला आणि फांदी मोडली, म्हणून कावळ्याने फांदी मोडली असे होत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या सर्वपक्षीय वाटाघाटी डिसेंबर १९९१ मध्येच सुरू झाल्या होत्या. इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधल्या ऑस्लो करारावर सप्टेंबर १९९३ मध्येच सह्या झाल्या होत्या. फांदी आधीच मोडत आलेली होती. जिथे ती मोडत आलेली नव्हती, तिथे काय झाले? जाहीरनाम्यानंतर आठच वर्षांनी, १९९६ च्या जानेवारीत, इमिया नावाच्या निर्मनुष्य खडकांवरून ग्रीस आणि तुर्कस्तान पुन्हा युद्धाच्या उंबरठ्यावर उभे राहिले. त्यांच्या दुसऱ्या वादाचा विषय असलेला सायप्रस तर अजूनही दुभंगलेलाच आहे.

एका जागी मात्र पूर्वपक्षाला गुण द्यावा लागतो. मंडेला १९९२ मध्ये दावोसला गेले तेव्हा खाणी आणि बँकांचे राष्ट्रीयीकरण हे त्यांच्या पक्षाचे धोरण होते. परतले तेव्हा त्यांचे मन डळमळले होते. त्यांचे चरित्रकार अँथनी सॅम्पसन यांनी हे नोंदवले आहे. पण त्यांना पटवले कोणी? चीन आणि व्हिएतनामहून आलेल्या कम्युनिस्ट नेत्यांनी. तुमचीच वाट आम्ही चालून पाहिली आणि सोडली, हे त्यांच्याकडून ऐकले तेव्हा मंडेलांवर परिणाम झाला. श्वाब यांनी खोली दिली होती. खोली देणे लहान काम नव्हे, पण ते यजमानाचे काम आहे.

दुसरा पुरावा षड्यंत्रवाल्यांचा लाडका : फोरमने तरुण नेते ‘तयार’ केले आणि सरकारांत पेरले. १९९३ च्या पहिल्या यादीत पुढे आपापल्या देशाचे नेतृत्व करणाऱ्या मेर्केल, ब्लेअर, ब्राउन, सार्कोझी यांची नावे होती. पुढे श्वाब यांनी स्वतःच हार्वर्डच्या व्यासपीठावर बढाई मारली की आमची माणसे मंत्रिमंडळांत शिरली आहेत. आरोपीने कबुली दिल्यावर साक्षीपुराव्याची गरज काय, असे कोणालाही वाटेल. पण तारखा तपासा. मेर्केल १९९१ पासून जर्मनीच्या केंद्रीय मंत्री होत्या. ब्लेअर ब्रिटनच्या विरोधी पक्षाच्या पहिल्या बाकावर होते. पुढे जाणारी माणसे आधीच हेरून त्यांना बिल्ला लावण्यात चतुराई आहे. त्या बिल्ल्यामुळे ती पुढे गेली हे सिद्ध होत नाही. आणि सूत्रे खरोखर या हातात असती तर २०१६ साल उजाडलेच नसते. त्या एका वर्षात ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला, अमेरिकेने ट्रम्प यांना निवडले. दोन्ही गोष्टी दावोसच्या मंडळींना नको होत्या. जानेवारी २०१७ मध्ये दावोसच्या व्यासपीठावर मुक्त व्यापाराची बाजू मांडायला उभे राहिले चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग.

मालकी जाणार या भाकिताचे मूळही असेच साधे आहे. डेन्मार्कच्या खासदार इडा ऑकेन यांनी भविष्यातल्या शहराचे एक कल्पनाचित्र लिहिले. २०१६ मध्ये फोरमच्या एका छोट्या व्हिडिओत त्यातली कल्पना आली. ते भाकीत श्वाब यांचे नव्हेच. २०२० मधले त्यांचे ‘ग्रेट रिसेट’वरचे, म्हणजे करोनानंतरच्या जगाच्या फेरमांडणीवरचे, पुस्तक कोणीही विकत घेऊन वाचू शकतो. गुप्त कट पुस्तकाच्या दुकानात छापील किमतीला मिळत नाहीत.

तिसरा पुरावा सर्वांत भारदस्त : विचाराचा. सप्टेंबर १९७० मध्ये अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी लिहिले की नफा वाढवणे हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी. पुढच्याच वर्षी यंत्रउद्योगाच्या व्यवस्थापनावरील पुस्तकात श्वाब यांनी उलट बाजू मांडली : कंपनी केवळ भागधारकांची नसते, कामगार, ग्राहक, पुरवठादार, आसपासचा समाज हे सगळे तिचे हितसंबंधी. संमेलनाच्या १९७३ च्या दावोस जाहीरनाम्यात (ग्रीस-तुर्कस्तानच्या जाहीरनाम्याहून हा वेगळा) हेच आले. म्हणून ते या विचाराचे जनक, असे म्हणतात.

इथे मला कालक्रमापेक्षा भूगोल महत्त्वाचा वाटतो. श्वाब ज्या जर्मनीत वाढले, तिथे १९५१ च्या कायद्याने कोळसा आणि पोलाद कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळांत कामगारांना निम्म्या जागा मिळाल्या होत्या. कंपनीवर कामगाराचा हक्क असतो, हे राव्हेन्सबुर्गच्या कारखानाप्रमुखाच्या मुलाला शोधून काढावे लागले नाही; ते त्याच्या अवतीभवती होते. गांधीजींच्या विश्वस्त-कल्पनेमुळे आपल्यालाही हा विचार परका नाही. श्वाब यांनी नवे काय केले? त्यांनी त्या विचारातला कायदा काढून घेतला आणि शिष्टाचार ठेवला. कामगाराची जागा कायद्याने राखून ठेवलेली होती. दावोसची जागा निमंत्रणाने मिळते.

या शिष्टाचाराची ताकदही पाहू. १९७३ नंतरची चार दशके भागधारकाच्या नफ्याचीच गेली, आणि तो नफा मोजणारे लोक दर जानेवारीत दावोसला येत राहिले. अमेरिकेतल्या १८१ बड्या कंपनीप्रमुखांनी सर्व हितसंबंधीयांप्रति बांधिलकी जाहीर केली ती ऑगस्ट २०१९ मध्ये. जगाच्या तथाकथित सूत्रधाराचे म्हणणे त्याच्याच पंगतीतल्या पाहुण्यांच्या ओठांवर यायला ४६ वर्षे लागली, आणि तेही ओठांवरच.

मग श्वाब यांचे खरे कर्तृत्व कोणते? ते छोटे नाही. प्रोमनाड या दावोसच्या मुख्य रस्त्यावर जानेवारीतल्या त्या आठवड्यात दुकानांच्या पाट्या झाकल्या जातात आणि त्यांच्या जागी कंपन्यांची आणि देशांची नावे चढतात. कोणाच्या गळ्यात कोणत्या रंगाचे ओळखपत्र आहे, त्यावर कोणाला कुठे प्रवेश हे ठरते. माणसे बोलण्याआधी एकमेकांच्या छातीकडे पाहतात. जत्रेत मानकऱ्यांचा क्रम ठरवणारा माणूस देव नसतो, पुजारीही नसतो. तरी मान हवा असलेला प्रत्येकजण त्याच्याकडे येतो. मान वाटता येतो आणि विकताही येतो, हे श्वाब यांनी ओळखले. विरोधकांनीही त्यांचाच साचा उचलला. २००१ मध्ये ब्राझीलच्या पोर्तो आलेग्रे शहरात वर्ल्ड सोशल फोरम भरला, मुद्दाम दावोसच्याच दिवसांत. २००४ मध्ये तो मुंबईत गोरेगावला आला. त्याच्याही सनदेत लिहिले आहे की मेळाव्याने एकत्रित ठराव करायचे नाहीत.

माझा सिद्धांत असा : श्वाब यांनी जगावर सत्ता गाजवली नाही, ज्यांच्याकडे सत्ता होती त्यांना उत्तरदायित्वाशिवाय चर्चा करण्याची सोय करून दिली. सरकार आणि भांडवल तिथे भेटतात, जबाबदारीची भाषा बोलतात आणि कशालाही बांधले न जाता परततात. कटाच्या आरोपापेक्षा हा आरोप गंभीर आहे, कारण तो खरा आहे.

त्याची आपल्याकडची आवृत्ती दर जानेवारीत दिसते. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने दावोसला १५ लाख कोटी रुपयांहून अधिक रकमेचे सामंजस्य करार केले. त्यात रिलायन्स आणि जेएसडब्ल्यू यांचे करार प्रत्येकी सुमारे तीन लाख कोटींचे. रिलायन्सच्या नरिमन पॉइंटच्या कार्यालयातून मंत्रालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. प्रकल्पांत परदेशी भागीदारी आहे म्हणून दावोस, असा सरकारचा खुलासा. तो मान्य करू. पण सामंजस्य करार म्हणजे सहसा इराद्याची नोंद. तो पाळला नाही म्हणून सहसा कोणी कोर्टात जात नाही. म्हणून पुढच्या जानेवारीत आकडा वाचाल तेव्हा मागच्या जानेवारीतल्या आकड्याचे काय झाले तेही विचारा : जमीन किती ताब्यात गेली, वीजजोडण्या किती झाल्या, भविष्यनिर्वाह निधीत नवी खाती किती उघडली.

श्वाब एप्रिल २०२५ मध्ये अध्यक्षपदावरून पायउतार झाले. त्यांच्या कारभाराविरुद्धचे एक निनावी पत्र विश्वस्तांकडे आले होते. त्यांनी आरोप फेटाळले आणि ऑगस्टमध्ये फोरमच्या चौकशीत गंभीर गैरवर्तनाचा पुरावा आढळला नाही. जगाचा सूत्रधार म्हणवला जाणारा माणूस स्वतःच्या संस्थेतली खुर्चीही राखू शकला नाही. त्यांचा १९७३ चा जाहीरनामा मोडल्याबद्दल गेल्या पन्नास वर्षांत कोणाला कोर्टाची पायरी चढावी लागली नाही, कारण त्यात तशी तरतूदच नाही. जर्मनीतला १९५१ चा तो कायदा मात्र आजही लागू आहे.