निवृत्तिवेतनाचा वाद आणि तज्ज्ञांची साक्ष

अमेरिकेतील सामाजिक सुरक्षा योजना १९३५ च्या कायद्याने अस्तित्वात आली. तिच्या कराचा काही अंश खाजगी खात्यांकडे वळवावा, असे रिपब्लिकन अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी फेब्रुवारी २००५ मध्ये सुचविले. त्यावर वृत्तपत्रांतून झालेला तज्ज्ञांचा वाद इतिहासाच्या अभ्यासकाने सावधपणे वाचावयास हवा. विश्वस्तांच्या त्या वर्षीच्या अहवालाप्रमाणे योजनेचा निधी २०४१ मध्ये संपणार होता. परंतु त्यानंतरही करांच्या उत्पन्नातून ठरलेल्या वेतनाचा सुमारे ७४ टक्के भाग देता आला असता. ही दोन्ही अनुमाने एकाच अहवालातील होत. खाजगी खात्यांचा पुरस्कार करणाऱ्या केटो संस्थेच्या पंडितांनी निधीच्या अंताकडे बोट दाखविले. डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेल्या पॉल क्रुगमन यांनी पुढेही बहुतांश वेतन मिळत राहील, यावर भर देऊन संकटाची भाषाच नाकारली. आकडा खोटा करण्याची गरज नव्हती. त्याची निवड पुरेशी होती. प्रस्ताव मतदानापर्यंत पोहोचलाच नाही; निधीतील तुटीचा प्रश्न मात्र वृद्धांच्या माथी तसाच राहिला. तात्पर्य, तज्ज्ञाची साक्ष टिपताना त्याने सांगितलेल्या आकड्याइतकाच त्याने वगळलेला आकडाही टिपला पाहिजे.